भरती नाही, शर्यत नाही, नुसतं धावायचं (बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी)

तिसरं_गेट:
आपल्या भागात कुणी पहाटे धावताना दिसला की दोनच प्रश्न येतात. वय कमी असेल तर "भरतीची तयारी काय?" आणि पोट सुटलेलं असेल तर "डॉक्टरांनी सांगितलंय काय?" तिसरं काही कारण असू शकतं हे कुणाला पटत नाही. हा धागा त्या तिसऱ्या कारणासाठी: धावायला बरं वाटतं म्हणून धावणं.

मॅरेथॉनच्या वेळा, पदकं, वजन उतरवण्याचे आकडे यांची चर्चा इथं नको. वेग किती ठेवावा, कुठल्या रस्त्यानं जावं, पायात काय घालावं, पावसाळ्यात कसं करावं, काय बिघडतं आणि का, एवढंच लिहा. "माझं असं झालं" हेही नको, नेमकं सांगा. जाणकार मंडळी इथं आहेत हे माहीत आहे.

मंडोळी_रोड:
वेगापासून सुरुवात करू, कारण मजा जाते ती पहिल्या पाच मिनिटांतच.

आपल्याकडं पोरांना धावणं शिकवलं जातं ते सैन्यभरतीच्या १.६ किलोमीटरसाठी, नाहीतर शाळेच्या १०० आणि ४०० मीटरसाठी. तिन्हींत जीव तोडूनच पळायचं असतं. त्यामुळं धावणं म्हणजे धाप, घशाला कोरड आणि शेवटी गुडघ्यावर हात टेकून उभं राहणं, असं डोक्यात बसतं. पुढं तिशी-चाळिशीत माणूस परत बूट घालतो तेव्हा पाय आपोआप त्याच वेगानं सुटतात आणि चौथ्या मिनिटाला सगळं संपतं.

शरीराचा हिशेब असा: धावायला लागल्यावर स्नायूंची प्राणवायूची मागणी लगेच वाढते, पण हृदय आणि श्वास त्या पातळीला यायला दोन-तीन मिनिटं घेतात. तेवढा वेळ उधारीवर चालतं. म्हणून वेग अगदी बरोबर असला तरी सुरुवात जड वाटते. नवा माणूस इथंच "आपल्याला नाही जमत" म्हणून सोडतो. उपाय साधा आहे. आधी ५ ते ७ मिनिटं झपझप चाला, मग धावायला लागा, आणि पहिली दहा मिनिटं कशी गेली यावरून त्या दिवसाचं मत बनवू नका.

वेग बरोबर आहे का हे बघायला घड्याळ लागत नाही. एक्केचाळीस ते पन्नास हे आकडे मोठ्यानं, एका दमात म्हणा. सेहेचाळीसलाच दम तुटला तर वेग कमी करा. आरामात पन्नासच्या पुढं गेलात तर ठीक चाललंय. नवख्याला हा वेग किलोमीटरला साडेसात ते नऊ मिनिटं इतका हळू पडतो. शेजारून कुणी काका काठी टेकत पुढं गेले तरी जाऊ द्या.

आठवड्याला तीन दिवस, मध्ये एक दिवस मोकळा. पहिले दोन आठवडे १ मिनिट धावणं, २ मिनिटं चालणं, असे ८ फेरे. पुढचे दोन आठवडे २ धावणं, २ चालणं, ६ फेरे. मग ४ धावणं, १ चालणं, ५ फेरे. सातव्या-आठव्या आठवड्यात ८ धावणं, १ चालणं, ३ फेरे. त्यानंतर २५ मिनिटं सलग जमतात. पाचव्या आठवड्यात दम भरपूर शिल्लक वाटतो आणि तिथंच लोक घाई करतात. दम काही आठवड्यांत वाढतो, पण घोट्यामागची शीर आणि नडगीचं हाड घट्ट व्हायला महिने लागतात. दुखापती त्या फरकातून येतात.

काकती_कॉर्नर:
नाडीवर चालायचं असेल तर १८० वजा वय हे सूत्र बरं पडतं. अमेरिकन प्रशिक्षक फिल मॅफेटोन यांचं आहे. पन्नाशीच्या माणसानं मिनिटाला १३० ठोक्यांच्या वर जायचं नाही, झालं.

मंडोळी_रोड:
सूत्र ढोबळ आहे हे धरून वापरा. एकाच वयाच्या दोन माणसांच्या कमाल ठोक्यांत वीसचा फरक सहज असतो. शिवाय मनगटावरची घड्याळं डिसेंबरच्या थंडीत फसवतात. कातडीखालचं रक्त कमी झालेलं असतं आणि पट्टा सैल असेल तर घड्याळ ठोक्यांऐवजी पावलांचे हिसके मोजतं. आरामात बोलता येतंय आणि पडद्यावर १६५ दिसतंय, तर बहुतेक वेळा तो पावलांचाच आकडा असतो. पट्टा मनगटाच्या हाडापासून दोन बोटं वर, घट्ट बांधा. किंवा आकडे बघूच नका. ज्यासाठी धागा काढलाय त्यासाठी ते जास्त बरं.

नाचणी_आंबील:
पावलांचा विषय निघालाच आहे तर, मिनिटाला १८० पावलं पडलीच पाहिजेत हे कुठून आलं? जिममधला पोरगा हेच सांगतो.

काकती_कॉर्नर:
१९८४ च्या लॉस एंजेलिस ऑलिम्पिकमध्ये जॅक डॅनियल्स या प्रशिक्षकानं धावपटूंची पावलं मोजली, तिथून. ते जगातले निवडक लोक होते आणि शर्यतीच्या वेगात होते. निवांत धावताना १६० ते १७० पडली तरी काही बिघडत नाही. बघायचं ते इतकंच की पाऊल शरीराच्या फार पुढं पडत नाही ना. लांब टांग टाकली की टाच आधी आपटते आणि तो दणका नडगीतून गुडघ्यात जातो. पायाचा 'धप धप' आवाज यायला लागला की टांग आखूड करा, आवाज आपोआप उतरतो.

सदाशिवनगर:
"बरं वाटणं" म्हणजे एंडॉर्फिन, एवढं सगळ्यांना पाठ झालंय. त्यात थोडी दुरुस्ती. रक्तातलं एंडॉर्फिन मेंदूत सहजासहजी शिरत नाही, मेंदूभोवतीचा पडदा त्याला अडवतो. २०२१ मध्ये जर्मनीतल्या हँबर्गच्या संशोधकांनी ६३ धावणाऱ्यांवर तपासलं. काहींना एंडॉर्फिनसारख्या अफूसदृश द्रव्यांचा परिणाम रोखणारं औषध दिलं, काहींना नुसतीच साधी गोळी. ४५ मिनिटं धावल्यावर दोन्ही गटांचं मन सारखंच हलकं झालं. म्हणजे त्या सुखाला एंडॉर्फिनची गरज पडली नाही. आता बोट दाखवलं जातं ते शरीर स्वतः बनवतं त्या गांजासदृश द्रव्यांकडं, म्हणजे आनंदमाइडकडं. 'आनंद' हाच शब्द त्या नावात आहे, हे जाता जाता.

धाग्याच्या कामाचं त्यातलं इतकंच, की ते धावणं मध्यम वेगाचं आणि पाऊण तासाचं होतं. दहा मिनिटांच्या जीवघेण्या पळापळीत हे हाती लागत नाही.

तिसरं_गेट:
छान. आता रस्ते. बेळगाव शहर आणि भोवताल कोण सांगणार?

वडगाव_शिवार:
सांगतो की.

टिळकवाडीतला व्हॅक्सिन डेपो नवख्यांसाठी पहिला. माती आहे, झाडी आहे, गाड्या नाहीत. सकाळी साडेसहानंतर चालणाऱ्यांची गर्दी होते, चौघं-चौघं आडवे चालतात, तेव्हा सहाच्या आतबाहेर जावं. मुळं वर आलेली आहेत, अंधारात नजर पायाखाली ठेवा. रेल्वे रुळाच्या कडेचा काँग्रेस रोड सपाट आणि सरळ, पण सातनंतर शाळेच्या रिक्षा सुरू होतात, मग मजा नाही. कॅम्पातले रस्ते सावलीचे आणि स्वच्छ, मात्र लष्करी हद्दीत कुठं जायला परवानगी आहे ते फलक वाचूनच वळा.

शहराबाहेर मंडोळी-सावगाव बाजू उत्तम. भातशेती, हलके चढ-उतार, वाहनं कमी. येळ्ळूरहून राजहंसगडावर जाणारा घाटरस्ता वर्षभर धावायचं झालेल्यांसाठी, नव्यानं नको. जांबोटी रस्ता दिसायला देखणा, पण शनिवार-रविवारी चोर्ला घाटातून गोव्याला जाणाऱ्या गाड्या वळणावर वेग कमी करत नाहीत. तिकडं मधल्या वारीच जावं.

शहापूर, वडगाव, येळ्ळूरच्या शिवारातल्या काळ्या रानात पावसाळ्यात जाऊ नका. बळ्ळारी नाल्याचं पाणी चढलं की बांध दिसत नाहीत. आणि चिखल असा चिकटतो की शंभर पावलांत एकेका बुटाला अर्धा किलो माती लागते, पाय मुरगळतो तो त्याच वजनानं. पश्चिमेकडची, खानापूर बाजूची तांबडी माती पाणी झटकन सोडते. पावसानंतर तासाभरात धावता येतं. तिथं धोका जांभा दगडाचा. ओल्या जांभ्यावर हिरवं शेवाळ धरलं की कुठल्याच बुटाचा तळ टिकत नाही.

सुगीनंतर बांधावरून धावायला बरं वाटतं, पण तुरीच्या रानात शिरू नका. तुरीचा सड ट्रॅक्टरच्या टायरला भोक पाडतो, बुटाच्या स्पंजाचं काय घेऊन बसलात. भाताची धसकटं चालतात.

चिकोडीकर:
आमच्या बाजूचा मुख्य शत्रू राहिलाच की. ऊस.

गळीत हंगाम साधारण नोव्हेंबरपासून मार्चपर्यंत चालतो. चिकोडी, संकेश्वर, निपाणी, अथणी, सगळीकडं पहाटे ट्रॅक्टरला दोन-दोन ट्रॉल्या. बऱ्याच ट्रॉल्यांना मागं दिवा नसतो, ऊस दोन्ही बाजूंनी हात-दीड हात बाहेर आलेला असतो. ड्रायव्हर रात्रभर जागा असतो. म्हणून पहिला नियम, समोरून येणारी वाहनं दिसतील अशा उजव्या कडेनं धावा. दुसरा, ट्रॉली आली की धावणं थांबवा आणि साइडपट्टीच्याही खाली उतरा. पहिली ट्रॉली गेली म्हणून वर येऊ नका, दुसरी पहिलीपेक्षा जास्त हेलकावते. तिसरा, रस्त्यावर पडलेली कांडी. चाकाखाली चेपून ती सपाट होते आणि वर रस असतो, पाय सरळ घसरतो.

छातीवर आणि पाठीवर चमकणारी पट्टी असलेलं जाकीट घ्या. नुसता पांढरा शर्ट धुक्यात दिसत नाही. कानात काही घालायचंच असेल तर एकाच कानात, रस्त्याकडचा मोकळा.

अनगोळ_अक्का:
बायकांसाठी थोडं, कारण वरच्या कुठल्याही पोस्टमध्ये ते नाही.

जानेवारीत इथं सूर्य सातच्या सुमारास उगवतो, मे-जूनमध्ये सहाच्या आसपास. "पहाटे पाचला जा" हा सल्ला वर्षभर काळोखात जा असाच होतो. व्हॅक्सिन डेपोची गर्दी वर कुणाला नकोशी वाटली, बायकांना ती गर्दीच सोयीची आहे.

स्पोर्ट्स ब्रा घेताना आधी खालचा पट्टा बघा, आधार तो देतो, खांद्याचे पट्टे नव्हे. पट्ट्याखाली दोन बोटं जेमतेम जावीत. दुकानातच दहा उड्या मारून बघा, लाजू नका. पट्ट्याखाली आणि मांड्यांना घासून कातडी सोलते, ती घामातल्या मिठानं. निघायच्या आधी व्हॅसलीन किंवा खोबरेल लावा. आल्यावर लावून उपयोग नाही, आंघोळीच्या पहिल्या तांब्यालाच कळतं. सलवारीची नाडी धावताना पोटात रुतते आणि श्वास वर अडतो. वर कुडता चालेल, खाली इलास्टिकची पँट घ्या.

पाळीच्या दिवसांत धावू नये असं काही नाही. झेपेल तसं. दोन चक्रं पाळी चुकली आणि धावणं वाढवलेलं असेल, गरोदरपण नसेल, तर ती थकव्याची नव्हे, खाणं कमी पडल्याची खूण असते. डॉक्टरांना दाखवा.

नाचणी_आंबील:
अक्का, हे वेगळं काढून वर चिकटवून ठेवायला पाहिजे.

बुटांचं कुणीतरी सांगा. आणि अनवाणी धावणं चांगलं म्हणतात ते?

खानापुरी:
बूट संध्याकाळी घ्या, दिवसभरात पाय थोडा सुजतो. जे मोजे घालून धावणार तेच घालून जा. उभं राहिल्यावर सर्वांत लांब बोटापुढं अंगठ्याच्या रुंदीएवढी जागा हवी. ती नसली की उतारावर नखं पुढं आपटून काळी पडतात. टाच वर-खाली होत असेल तर मोठा नंबर म्हणून परत करू नका. सर्वांत वरच्या जास्तीच्या भोकातून नाडी त्याच बाजूला आत घालून फास करा, समोरची नाडी त्यात ओवा आणि मग गाठ मारा. टाच बसते.

सुती मोजे नकोत. घाम धरून ठेवतात, ओलं कातडं घासतं आणि फोड येतो. नायलॉन-पॉलिस्टर घ्या. बुटाचा स्पंज साधारण ५०० ते ८०० किलोमीटरला बसतो. वरून बूट नवा दिसतो, पण तळाच्या कडेला आडव्या सुरकुत्या पडलेल्या असतात आणि अंगठ्यानं दाबलं तर दबत नाही. तेव्हा तो बाजारहाटाला लावा.

अनवाणी: पोटरी आणि घोट्यामागच्या शिरेवर भार वाढतो, गुडघ्यावर कमी होतो. फायदा-तोटा असा सरकतो, नाहीसा होत नाही. करायचंच तर मैदानातल्या गवतावर, धावून झाल्यावर शेवटची दोन मिनिटं, आणि आठवड्याला एकेक मिनिट वाढवा. रानात अनवाणी नको, काटे सोडा, आमच्या जांभ्याच्या पट्ट्यात फुरसं असतं.

मंडोळी_रोड:
अनवाणीबद्दल माझं मत जरा कडक आहे: चाळिशीनंतर सुरू करूच नये. पोटरी एकदा धरली की तीन आठवडे गेले.

खानापुरी:
गवतावरच्या दोन मिनिटांनी पोटरी धरत असेल तर दोष अनवाणीचा नाही, पोटरीच्या कमजोरीचा आहे. पायरीच्या कडेवर उभं राहून टाच खाली-वर, एका पायावर, १५ वेळा, तीन फेरे, आठवड्याला दोनदा. तालमीत बैठका घालणाऱ्या पोरांच्या पोटऱ्या बघा की. ती पोरं अनवाणीच असतात.

तिसरं_गेट:
दोघांचं ऐकून ज्यानं त्यानं ठरवावं. पावसाळा?

खानापुरी:
बेळगावात जून ते सप्टेंबर, आमच्याकडं कणकुंबीच्या बाजूला तर विचारूच नका. पावसात धावायला हरकत काहीच नाही, विजेत हरकत आहे. मेमधला वळीव जास्त वाईट, कारण वीज आधी आणि पाऊस नंतर. गडगडाट ऐकू आला की माळावरून आणि एकट्या झाडाखालून निघून पक्क्या इमारतीत जा, शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास बाहेर पडू नका.

बूट वाळवणं ही खरी कला. आतला तळवा काढा, नाड्या सैल करा, वर्तमानपत्राचे बोळे ठासून भरा. तासाभरात बोळे बदला, रात्री झोपताना परत बदला. सकाळी बूट कोरडे. चुलीजवळ किंवा कडक उन्हात ठेवलेत तर डिंक सुटतो आणि स्पंज कडक होतो. दोन जोड आलटून पालटून वापरणं सर्वांत स्वस्त पडतं. बोटांच्या बेचक्यात चिखल्या झाल्या तर पाय कोरडे करून बुरशीची पावडर लावा.

पायाला जखम असताना साचलेल्या पाण्यातून जाऊ नका. उंदीर-गुरांच्या मुतातून लेप्टो होतो. जंगलाच्या कडेनं आलात तर घरी येऊन गुडघ्यामागं, जांघेत, काखेत गोचीड बघा. सापडली तर चिमट्यानं कातडीलगत धरून सरळ वर ओढा. तेल, चुना, काडीपेटी काही नको.

काकती_कॉर्नर:
कुत्री. सगळे टाळताय तो विषय.

कुत्रं धावणाऱ्याच्या मागं लागतं ते धावतो म्हणून. थांबा, त्याच्याकडं तोंड करा, डोळ्यात बघू नका, दगड उचलायला वाकल्यासारखं करा आणि हळूहळू मागं सरका. त्याची हद्द संपली की ते थांबतं. चावलंच तर वाहत्या पाण्याखाली साबणानं पंधरा मिनिटं धुवा. ही पंधरा मिनिटं कुणी पाळत नाही, आणि जंतू कमी होतात ते तिथंच. हळद, मिरची, चुना लावू नका. दंडात घ्यायची लस ०, ३, ७, १४, २८ व्या दिवशी. कातडी फाटून रक्त आलं असेल तर जखमेत द्यायचं सीरमही मागून घ्या. सरकारी दवाखान्यात विचारा.

बिबट्याबद्दल विचारणार असाल तर: ऑगस्ट २०२२ मध्ये गोल्फ कोर्सच्या परिसरात आला होता, हे सगळ्यांना आठवत असेल. भीमगडचं जंगल लांब नाही. खानापूरच्या रानात बिबट्यापेक्षा अस्वलाची काळजी करा. झुंजूमुंजूला एकट्यानं जंगलवाटेवर जाऊ नका, गेलात तर बोलत जा.

सदाशिवनगर:
खाण्यापिण्याचं थोडक्यात. ४५ मिनिटांपर्यंत सकाळी रिकाम्या पोटी चालतं, मधुमेहाची गोळी किंवा इन्सुलिन असेल तर अजिबात नाही, आधी डॉक्टरांना विचारा. त्यापुढं जायचं तर अर्धा तास आधी एक केळं. पाणी तहान लागेल तसं, बळंच लिटरभर ढोसू नका, रक्तातलं मीठ पातळ होऊन चक्कर आणि उलटी येते. एप्रिल-मेमध्ये घाम जास्त जातो, तेव्हा एक लिटर पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, चहाचा चमचा. आल्यावर नाचणीचं आंबील आणि मूठभर शेंगदाणे-गूळ. कुंदा नको असं म्हणवत नाही, पण तो धावण्याचं बक्षीस म्हणून रोज नको.

नाचणी_आंबील:
दोन प्रश्न. बरगडीखाली टोचतं ते काय? आणि दुखणं कधी अंगावर काढायचं, कधी थांबायचं?

मंडोळी_रोड:
टोचण बहुतेक वेळा जेवण किंवा गोड सरबत घेऊन लगेच धावल्यानं येते. वेग कमी करा, दुखऱ्या जागी बोटांनी दाबून पुढं थोडं वाका आणि ओठ आवळून लांब श्वास सोडा. मिनिट-दोन मिनिटांत जाते.

दुखण्याचा ठोकताळा: दोन्ही पाय सारखे दुखतात आणि चालल्यावर मोकळे होतात, तर ते कष्टाचं, चालू द्या. एकाच पायाला, एकाच जागी बोट ठेवून दाखवता येतं, तर थांबा. नडगीच्या हाडावर बोटभर जागेत दाबलं की कळ येते आणि रात्री ठणकतं, तर हाडाला चीर असू शकते, फोटो (एक्स-रे) काढा. सुरुवातीच्या फोटोत ती दिसतेच असं नाही. सकाळी पहिलं पाऊल टाकताना टाचेत सुरी खुपसल्यासारखी कळ आली, तर दुखणं तळव्याच्या पट्टीचं. पाण्याची बाटली फ्रीजमध्ये गोठवून तळव्याखाली दहा मिनिटं फिरवा, अनवाणी फरशीवर चालणं बंद. छातीत दाब, जबड्यात किंवा डाव्या हातात कळ, यावर धागा वाचत बसायचं नाही, दवाखाना गाठायचा.

वडगाव_शिवार:
तीन-चार महिन्यांनी तोच रस्ता, तोच वेग, कंटाळा येतो. त्यावर स्वीडनचे प्रशिक्षक गोस्टा होल्मर यांनी १९३० च्या दशकात काढलेला फार्टलेक हा प्रकार करून बघा. वेळ नाही, अंतर नाही. सावगाव रस्त्याला विजेचे खांब आहेत. मनात आलं की पुढच्या खांबापर्यंत जोरात, मग श्वास परत बसेपर्यंत हळू. नंतर कधी वडाच्या झाडापर्यंत, कधी म्हशींच्या कळपाला ओलांडेपर्यंत. म्हशींना मात्र मागून जोरात ओलांडू नका, बुजतात. आठवड्यातून एकदाच, सहा-सात तुकडे पुरे.

चिकोडीकर:
राजहंसगड उतरताना मांड्या भरतात, दोन दिवस जिना उतरता येत नाही. का?

वडगाव_शिवार:
उतारावर मांडीचा स्नायू ताणला जात असताना ब्रेक मारत असतो, त्यात त्याचे तंतू सूक्ष्म फाटतात. दुखणं दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सर्वांत जास्त असतं. मागं रेलून टाचा रोवत उतरलात तर दुप्पट दुखेल. अंग किंचित पुढं, पावलं आखूड आणि पटपट, हात थोडे बाहेर. पहिल्या खेपेला चढ धावा आणि उतार चालत या, दुसऱ्या खेपेला खालचा पाव भाग धावत उतरा, तिसऱ्याला अर्धा. एकदा दुखून झालेला स्नायू पुढचे काही आठवडे त्याच उताराला कमी दुखतो, तेव्हा दोन खेपांत आठ-दहा दिवसांचंच अंतर ठेवा, दोन महिन्यांचं नको.